फोटोत नसलेली खूण

ऐका ना, दोघंही. श्रीमंत, ते शेंगदाणे नंतर खा, आधी ऐक, कारण मला हे मधे थांबून सांगता येणार नाही, थांबलो की मी गप्पच बसेन आणि चार दिवस गप्प बसूनच माझी ही अशी अवस्था झालीय. मंगळवार. दुपारचे चार. पाचला आमचं पान बंद होतं, म्हणजे चारला आमच्या कचेरीत काय धांदल असते ते तुम्ही बघितलंय, आत ट्रेडल छपाईयंत्र खटक-खटक चालू, खिळे जुळवणारा कंपोझिटर दर पाच मिनिटांनी डोकावतोय, माझ्यापुढं ओल्या प्रुफांची चळत, आणि तेवढ्यात एक म्हातारा आत येतो, मुंडाशाच्या शेवानं तोंड पुसतो, बंडीच्या आतल्या खिशातून रुमालाची पुरचुंडी काढतो, ती सोडतो, आत पुन्हा वहीचा कागद, तो उलगडतो, आणि त्यातला फोटो माझ्या टेबलावर ठेवतो. बस, एवढंच. मी खाली बघितलं आणि हातातलं प्रूफ बाजूला ठेवलं. कारण त्या फोटोतल्या बाईच्या हातची भाकरी मी आदल्याच दिवशी खाल्ली होती.

थांब गोरक्ष, सांगतो, ओळीनं सांगतो. फोटो माझ्यापुढंच का आला हे आधी कळायला पाहिजे. आमचं साप्ताहिक केवढंसं, फोटो छापायचा तर त्याचा ब्लॉक, म्हणजे धातूचा ठसा, पुण्याहून करून आणावा लागतो, त्यात तीन दिवस जातात, आणि हरवलेलं माणूस तीन दिवस कुठं थांबतं. म्हणून 'हरवले आहेत' या सदरात आम्ही फोटो छापत नाही, फोटो बघून त्याचं वर्णन छापतो. हे काम माझं. माझा पहिला कागद आबासाहेबांनी, म्हणजे आमच्या संपादकांनी, माझ्यासमोर टरकन फाडला होता. मी लिहिलं होतं, चेहरा करुण व बोलका. ते म्हणाले, "मार्तंड, करुण चेहऱ्याची माणसं एस्टी स्टँडवर आत्ता तीनशे बसलीत. विशेषणानं माणूस सापडत नाही. खूण लिही." मग त्यांनी क्रम लावून दिला, वर्ण, उंची, बांधा, चेहरा, खूण, अंगावरचे कपडे, आणि मी त्यात तरबेज झालो, खोटं कशाला बोलू, मला माज आला. श्रीगोंद्याच्या एका माणसाची म्हैस मी नुसत्या शिंगाच्या वळणावरून मिळवून दिली. एक भ्रमिष्ट आजोबा, उजव्या हाताला सहा बोटं, ते दौंडच्या फलाटावर सापडले आणि त्यांची सून पेढे घेऊन कचेरीत आली, माझ्या पाया पडायला लागली, माझ्या! तेव्हापासून मला वाटायचं की माझ्या वाक्यांना पाय आहेत, ती गावोगाव चालत जातात आणि माणसाला धरून आणतात. धरून आणतात हे मी मंगळवारपर्यंत अगदी कौतुकानं म्हणत होतो.

भिंगारला मी जिथं जेवतो ती आक्काबाईची खानावळ, तुम्ही एकदा आला होतात, मिरचीचा खर्डा खाऊन श्रीमंत नाचला होता. तिथं शिमग्यानंतर एक बाई कामाला आली. नाव गोजर. आक्काबाईनं आम्हाला सांगितलं, "माझ्या चुलत भाचीची नणंद हाय," कुणी विचारलंसुद्धा नव्हतं, आणि न विचारता नातं सांगितलं की काय ते समजायचं. पण मी समजलो नाही, मी जेवत होतो. तुम्हाला सांगतो, दीड महिना मी त्या बाईच्या हातचं जेवलो आणि तिच्याकडं सरळ एकदाही बघितलं नाही, दिसली ती ओझरती. बघायचं कसं? ती ताट ठेवायची तेव्हा मला तिची बोटं दिसायची, आणि बाकी वेळ ती चुलीपुढं आमच्याकडं पाठ करून बसलेली, पदर कमरेला खोचलेला, केस वर बांधलेले, आणि डाव्या कानाच्या खालून मानेवर वळलेला एक डाग, चकचकीत, गुलाबी, चंद्रकोरीसारखा. चेहऱ्यापेक्षा मला तो डागच पाठ होता. आमटी भुरकताना मी त्याच्याकडं बघत बसायचो, जसं आपण भिंतीवरच्या ओलीकडं बघतो. कसला असेल असा विचारसुद्धा केला नाही. मग एकदा कॅन्टोनमेंटातला एक कारकून जेवता जेवता आमचं साप्ताहिक मोठ्यानं वाचत होता, हरवली आहे, वय वर्षे नऊ, वगैरे, आणि तव्यावरची भाकरी करपल्याचा वास आला. ताट उचलताना तिनं मला पहिल्यांदा काहीतरी विचारलं, "तुमचा ह्यो कागूद शेवगावकडं बी जातो का वो?" आणि मी गाढव, छाती फुगवून म्हणालो, "अगदी गावोगाव!" त्यानंतर तीन दिवस मला आक्काबाईनंच वाढलं.

आणि आता तीच टेबलावर. फोटोत चौदा-पंधरा वर्षांची असेल. मढीच्या जत्रेत तंबूत काढतात तसला फोटो, मागं पडद्यावर रंगवलेला राजवाडा, दोन हंस, एका तिवईवर कागदाची फुलं, आणि तिवईवर हात ठेवून ही उभी. मी ओळखलं कशावरून? भुवया जुळलेल्या, खालचा ओठ दाताखाली धरलेला, आणि नजर कॅमेऱ्याकडं नाही, कॅमेऱ्याच्या शेजारी. ताट ठेवतानाही ती ताटाच्या शेजारी बघते. गंमत बघा, तो फोटो समोर आला म्हणून मला तिच्या तोंडाकडं पोटभर बघता आलं, आणि बघताना मला चोरी केल्यासारखं वाटत होतं, कानशिलं तापली होती, आणि समोर तिचा बाप उभा.

"बसा बाबा. नाव?"

"माझं सहादेव. पोरीचं राहीबाई." गोजर हे खोटं नाव होतं तर. मग त्यानं दाराकडं हात केला, "हे आमचं जावई, आसाराम."

जावई आत आलाच नाही, उंबऱ्यातच उभा, टेरिलीनचा शर्ट, दातात काडी. तिथनंच म्हणाला, "दुष्काळी कामावरनं पळाली, खडीवरनं. पर पळाली लिवू नका भाऊसाहेब, घरातून निघून गेली लिवा. चारचौघांत वाईट दिसतं."

"मानसं वाईट दिसत्यात, कागूद न्हाई दिसत," म्हातारा पुटपुटला, आणि मला वाटलं, ह्या दोघांचं काही फारसं पटत नाही. पण आले तर दोघं बरोबर होते. नांदायला घातलेली लेक, ती हरवली तर बाप आणि नवरा बरोबरच हिंडणार, लोक बघत असतात.

मी कागद ओढला. पेन उघडलं, आणि तुम्हाला खरं सांगू, त्या क्षणी मला काही उदात्त वगैरे सुचलं नाही. मला भीती वाटली. मला ठाऊक होतं ना, माझं वर्णन लागू पडतं. म्हैस सापडते, आजोबा सापडतात, ही चुलीपुढं बसलेली बाई का नाही सापडणार, आमचा अंक खानावळीतच येतो, तो कारकून मोठ्यानं वाचतो, वाचता वाचता मान वर करेल आणि समोर तिची मान. आणि ती पळाली का, ते मला माहीत नव्हतं. बाप रडवेला होता. बापाला सांगावं का? सांगितलं तर उंबऱ्यातला ऐकेल. मग मी ठरवलं, चुकीचं लिहायचं. इतकं सोपं. चार शब्द इकडचे तिकडे केले की माझी वाक्यं भलत्या गावाला चालू लागतील. मी मोठ्यानं म्हणत लिहायला लागलो, नेहमी तसंच करतो, "वर्ण गोरा..."

"गोरी न्हाई वो," म्हातारा म्हणाला. "आमच्यात कोन गोरं हाय? सावळी हाय पोर."

खोडलं. "उंची साडेपाच फूट..."

"छ्या! माझ्या खांद्याला लागायची. ही हितं." आणि त्यानं आपल्या खांद्याच्या खाली आडवा हात धरला, अगदी नेमका, जणू ती शेजारी उभी आहे आणि त्याच्या हाताला तिचे केस लागतायत.

ते पण खोडलं. बघा कसं झालं, मी एक खोटं लिहायचो आणि तो मायेनं ते दुरुस्त करायचा. उंबऱ्यातला काडी चावत होता, त्याला काहीच माहीत नव्हतं किंवा फिकीर नव्हती, पण बाप मात्र एकेक ओळ बरोबर करत करत आपल्या पोरीला माझ्या कागदावर आणून उभी करत होता आणि मला ते थांबवता येईना. बांधा सडपातळ, बरोबर. भुवया जुळलेल्या, बरोबर. माझ्या बगलेतून घाम ओघळत होता. आतून कंपोझिटर ओरडला, "मार्तंडराव, मजकूर!" मी घाईघाईनं फोटोतलं दिसेल ते लिहिलं, "डाव्या मनगटात घड्याळ," आणि म्हातारा एकदम हसला. असा हसला की आबासाहेबांनीसुद्धा आतल्या टेबलावरून मान वर केली.

"आवो ते घड्याळ फोटोवाल्याचं! फोटोपुरतं घातलेलं. काढून द्यायला लई रडली हुती, पार तंबूभर लोळली." हसता हसता त्याचं तोंड वाकडं झालं आणि तो भिंतीकडं बघायला लागला.

आणि त्याच्यानंतर, ऐका, त्याच्यानंतर क्रमानं जो प्रश्न येतो तो मी विचारला. विचारायची गरज नव्हती. फोटोत खूण नव्हती, बाप काही बोलला नव्हता, मी पुढं कपड्यांवर गेलो असतो तर तेवढ्यावरून कुणालाही ती सापडली नसती, सावळ्या सडपातळ बाया नगर जिल्ह्यात किती. पण जीभच ती. दीड वर्षाची सवय. मी म्हणालो, "अंगावर काही खूण?"

"न्हाई," बाप म्हणाला.

"हाय की," जावई म्हणाला. दोघं एकदम.

जावई दोन पावलं आत आला. "मानंवर हाय. डाव्या कानाखाली."

"कसली खूण?" म्हातारा. आवाज साधा, चौकशी केल्यासारखा.

"डाग हाय."

आणि मी, मला अजून कळत नाही मी हे का केलं, भीतीनं केलं का रागानं, मी खाली मान घालून लिहीत लिहीत विचारलं, "कशाचा? तसं लिहावं लागतं. पडल्याचा, देवीचा, भाजल्याचा?"

"...भाजल्याचा."

"आकार?"

मी पेन टेकवून थांबलो. शाई कागदात पसरत चालली होती, मला ती दिसत होती. "आकार सांगा, नुसतं भाजल्याचा लिहिलं तर ओळख पटत नाही," मी म्हणालो, आणि माझा आवाज माझाच मला परका वाटला, अगदी आबासाहेबांसारखा.

"इळ्याचा," जावई म्हणाला. मग भरभर बोलायला लागला, "खडीवर घेरी यायची तिला, दोनदा पडली, आई म्हनली भायरचं हाय, भगतानं सांगितलं, डाग द्या. आईनं दिला. औषीद हाय ते, सगळेच देत्यात. तुमीबी देता की पोरांच्या पोटाला, मामा."

"देतो," म्हातारा म्हणाला. "पोटाला. बिब्ब्याचा. तान्ह्या पोराला, पोट फुगलं तर." त्यानं एकेक शब्द मोजून टाकल्यासारखा ठेवला. "इळा तापवून मानंला न्हाई देत, आसाराम. बैलाला बी न्हाई देत. आन घेरी यायची म्हंता, तर सकाळी खाऊन जायची का काय?"

"तुमी आता हितं..."

"धरली कुनी हुती?"

जावयानं काडी दुसऱ्या दाढेखाली सरकवली. मी लिहीत असलेला कागद माझ्यापुढं होता आणि त्याच्यावर ओळ अर्धी होती, 'डाव्या कानाखाली मानेवर विळ्याच्या आकाराचा', आणि मला ती चूल दिसायला लागली, ती पाठ, मी आमटी भुरकत बघत बसायचो तो डाग. दीड महिना.

मग म्हाताऱ्यानं काय केलं, त्यानं पुढं होऊन फोटो उचलला. वहीच्या कागदात घातला, रुमालात बांधला, गाठ मारली, खिशात ठेवला, काही घाई नाही. आणि माझ्याकडं नाही, आबासाहेबांकडं बघून म्हणाला, "साहेब, हे म्हंत्यात ती बाई येगळी. फोटोतली माझी पोरगी. माझ्या पोरीच्या अंगावर खूण न्हाई. भलतीचं वर्नन छापू नका."

जावई उसळला. "फोटो ऱ्हाऊ द्या त्यांचा! मी नवरा हाय, मी सांगतो तसं लिवा!"

आबासाहेब उठून बाहेर आले. तुम्हाला ते माहितेत, कुणाच्या भानगडीत पडत नाहीत, पण कामाचा नियम आला की दगड. म्हणाले, "घरातल्या दोघांचं वर्णनावर एकमत नसेल तर मी छापत नाही. मागं एकदा छापलं, लोकांनी भलतीच बाई पकडून आणली होती. आधी एकमत करून या." जावयानं काडी थुंकली, नगरात काय एकच छापखाना आहे का म्हणाला आणि ताडताड निघून गेला. म्हातारा हात जोडून दुसऱ्या बाजूला गेला. आणि आबासाहेब मला म्हणाले, "बघतोस काय, ती जागा कशानं भरणार? बियाणाची जाहिरात टाक."

मी जाहिरात टाकली. पान बंद केलं. आणि सायकल काढून माळीवाड्याच्या एस्टी स्टँडकडं असा सुटलो की दिल्ली दरवाज्यापाशी एका टांग्यावर आपटता आपटता वाचलो. का जात होतो? म्हाताऱ्याला सांगायला. रस्ताभर वाक्य जुळवत होतो, बाबा, तुमची मुलगी सुखरूप आहे, बाबा, मी रोज तिला बघतो. स्टँडवर पाण्याच्या टाकीशी घागरींची भांडणं चालू होती, टाकीच्या सावलीत म्हातारा उकिडवा बसला होता. एकटाच. मी समोर जाऊन उभा राहिलो, धापा टाकत. त्यानंच वर बघितलं.

"जिती हाय न्हवं?"

"क्... कोण?"

"मास्तर, डाग कुटं हाय ते त्यानं सांगायच्या आदी तुमचं बोट तुमच्या कानाखाली गेल्तं. डाव्या. मी बघितलं."

गोरक्ष, शपथ घेऊन सांगतो, मला आठवत नाही. माझं बोट गेलं होतं हे मला माहीतच नाही. माझ्या अंगावर काटा आला, मी विचारलं, "त्यानं पण बघितलं का?" तर म्हणाला, "त्यो माझ्या तोंडाकडं बघत हुता. भ्या त्याला माझं हुतं, तुमचं न्हाई."

"आहे, बाबा, जिवंत आहे, ती इथंच..."

आणि त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला. खराच ठेवला, तंबाखूचा वास, घट्टे पडलेला तळवा, माणसं बघत होती. "गाव सांगू नका. मला ठावं नको. आता घरी गेलो की चार मानसं बसवतील, भंडारा उचलायला लावतील, खंडोबाची आन घालतील. आन घातल्यावर मला खोटं बोलता येत न्हाई. ठावंच नसलं तर खोटं बोलायला नको. आन तिला बी सांगू नका, बाप आल्ता म्हून. धावत येईल. आली की तिला परत नांदायला घालावी लागंल मला, तीच चार मानसं घालाय लावतील. कळतंय का?" मी मान हलवली, तोंडावर हात तसाच. मग त्यानं हात काढला आणि खाली बघत म्हणाला, "फकस्त कशी दिसती ते सांगा. फोटोत ल्हान हाय. मी दोन सालं बघितली न्हाई."

मी सुरुवात केली, वर्ण, आणि थांबलो. त्याला वर्ण माहीत होता. उंची त्याच्या खांद्याला ठाऊक होती. मग मला जे माहीत होतं ते मी सांगायला लागलो, आणि मला तोपर्यंत कळलंच नव्हतं की मला इतकं माहीत आहे. म्हटलं, आली तेव्हा बांगड्या कोपरापर्यंत घसरायच्या, आता मनगटाशीच थांबतात. म्हटलं, ताट ठेवताना ओठ दाताखाली धरते. म्हटलं, बोटाला राखेचा वास असतो, नखं अगदी बारीक कापलेली. ती जेवते का, त्यानं विचारलं. म्हटलं, सगळ्यांचं झाल्यावर जेवते, पण ताट भरून घेते, मी बघितलंय. हसती? म्हटलं, एकदा ऐकली, मांजरानं ताक सांडलं तेव्हा, मोठ्यानं हसली आणि मग तोंडावर हात ठेवला. शेवगावची गाडी लागली, लोक धावले, खिडकीतून पिशव्या टाकायला लागले, तो उठला नाही.

"आन डाग? झाकती का?"

"नाही," मी म्हणालो. "केस वर बांधते. मान उघडीच असते."

त्यानं खिशातली फोटोची पुरचुंडी चाचपली. मग म्हणाला, "मंग चांगलं हाय," आणि गर्दीत घुसून गाडीत चढला, कोपरानं लोकांना बाजूला सारत, एखाद्या तरुणासारखा, आणि परत वळून बघितलं नाही.

झालं. तिला सांगितलं का म्हणतोस, श्रीमंत? कसं सांगू! रोज जेवतो. परवा ताट ठेवताना तिनं विचारलं, "दादा, घास का उतरंना, तिखट झालं का?" मी मान खाली घातली. तिचा बाप माझ्या तोंडात आहे आणि वरून मी तिच्या हातचा घास घालतोय, दोन्ही एका तोंडात मावत नाही. म्हणून आज तुमच्याकडं आलो, आता जरा मोकळं वाटतंय, आता...

काय म्हणालास? गोरक्ष, काय विचारलंस तू? कुठलं गाव? तुझ्या मामाच्या गावातला सहादेव? खांद्यावर घोंगडी असते तो? नाही. नाही रे, तो कसा असेल. सहादेव नाहीच, मी आपलं नाव घेतलं काहीतरी, आणि शेवगावकडचा नव्हेच तो, पारनेरकडचा होता. भिंगार म्हणालो का मी? भिंगार नाही. आक्काबाईचा ह्याच्याशी काही संबंध नाही. श्रीमंत, हसू नकोस. गोरक्ष, इकडं बघ, तुझ्या मामाकडं जाशील, ओट्यावर बसशील, गप्पा निघतील, कुणीतरी भंडारा पुढं करेल, आता मी सांगतो ते नीट ऐक. बाई गोरी आहे. उंच, साडेपाच फूट, अंगानं भरलेली. मानेवर काही नाही, मान कोरी आहे. म्हण एकदा. नाही, हसत नाही, माझ्याकडं बघून म्हण. मान कोरी आहे.